समांतर रेषेचं समीकरण: डावी बाजू हलवू नका, एकच संख्या शोधा

भांडुपहून दादरच्या कॉलेजात येणाऱ्या अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात होती. ती लिहिते: "३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −५) मधून जाणारी रेषा काढा, असली गणितं मी चढ काढून, सूत्रात घालून करते. पद्धत पाठ आहे, तरी शेवटी कुठेतरी चिन्ह चुकतं. आणि ‘समांतर व ३ एकक अंतरावरची रेषा’ असं आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. त्यात उत्तरं दोन का येतात?"

तुझे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि हा धडा आला की दरवर्षी तीच अडचण समोर येते: मुलींना-मुलांना चढ येतो, सूत्र येतं, पण ‘समांतर’ म्हणजे समीकरणात नेमकं काय तसंच राहतं आणि काय बदलतं, हे कुणी दाखवलेलं नसतं. ते एकदा दिसलं की या प्रकारातलं जवळजवळ प्रत्येक गणित एकच संख्या शोधण्याचं गणित होतं. मी इथे एक्स-वायच्या जागी क्ष आणि य लिहिते आहे. वहीत तू तुझ्या सवयीने लिही.

आधी तुझं पहिलं गणित तुझ्याच पद्धतीने करू. ३क्ष − ४य + ७ = ० वरून ४य = ३क्ष + ७, म्हणून चढ ३/४. समांतर रेषेचा चढही ३/४. बिंदू (२, −५). मग य − (−५) = (३/४)(क्ष − २). ४ ने गुणून ४य + २० = ३क्ष − ६, म्हणजे ३क्ष − ४य − २६ = ०. उत्तर बरोबर आहे. पण वाटेत पाय घसरायच्या जागा मोज. चढ काढताना −४ चं चिन्ह, वजा वजा पाच, अपूर्णांक घालवताना २० आणि ६, आणि शेवटी सगळं एका बाजूला आणताना पुन्हा चिन्हं. प्रत्येक पायरी सोपी आहे, म्हणूनच तिथे लक्ष ढिलं पडतं.

आता मूळ रेषेकडे जरा वेगळ्या नजरेने बघ. ३क्ष − ४य + ७ = ० म्हणजेच ३क्ष − ४य = −७. ही ओळ काय सांगते? प्रतलातला कोणताही बिंदू घे, त्याच्या क्ष-निर्देशकाची तिप्पट कर, त्यातून य-निर्देशकाची चौपट वजा कर. प्रत्येक बिंदूला अशी एक किंमत मिळते. आरंभबिंदूची किंमत ०. (−१, १) ची −३ − ४ = −७. (२, −५) ची ६ + २० = २६. ज्या-ज्या बिंदूंची किंमत −७ येते ते सगळे मिळून तुझी दिलेली रेषा होते. ज्यांची किंमत २६ येते ते मिळून दुसरी एक रेषा होते. पहिलीला समांतर, आणि (२, −५) मधून जाणारी. झालं उत्तर: ३क्ष − ४य = २६.

या रेषा समांतर का? कोणत्याही बिंदूवर उभी राहा, ४ एकक उजवीकडे आणि ३ एकक वर जा. ३क्ष मध्ये १२ ची भर पडली, ४य मध्येही १२ ची भर पडली, वजाबाकी होती तेवढीच राहिली. म्हणजे किंमत न बदलता चालायचं असेल तर ४ उजवीकडे, ३ वर याच दिशेने चालावं लागतं, मग तू −७ च्या रेषेवर अस, २६ च्या अस की १००० च्या. ३/४ हा चढ तो हाच. दिशा ठरते डाव्या बाजूच्या ३ आणि −४ या सहगुणकांनी. उजवीकडची संख्या फक्त एवढंच सांगते की त्या दिशेच्या असंख्य रेषांपैकी ही कोणती.

म्हणून लेखी उत्तरात पहिलं वाक्य हे लिही: "३क्ष − ४य + ७ = ० ला समांतर असणाऱ्या रेषेचं समीकरण ३क्ष − ४य = क मानू." मग बिंदू ठेव: क = ३(२) − ४(−५) = २६. दोन ओळी. पेपर तपासताना अशी दोन ओळींची उत्तरं पाहून कुणालाही शंका येत नाही, कारण विचार पहिल्याच वाक्यात मांडलेला असतो. क उजव्या बाजूला ठेवायचा, हा माझा आग्रह आहे. पुस्तकांत ३क्ष − ४य + क = ० असंही लिहितात, त्यात काही चूक नाही; पण मग ६ + २० + क = ० वरून क = −२६ काढताना एक चिन्ह उलटवावं लागतं, आणि तुझा त्रास नेमका तिथेच आहे.

याच कारणामुळे मी या गणितांत चढ-बिंदू सूत्र पहिलं हत्यार म्हणून देत नाही. चढ समजायला हवाच, तो पुढे कॅलक्युलसमध्ये पावलोपावली लागतो. पण समीकरणातून चढ काढायचा आणि त्याच चढावरून पुन्हा समीकरण बांधायचं, म्हणजे जे आधीच समोर लिहिलेलं आहे ते मोडून परत जोडायचं. शिवाय उभ्या रेषेला चढच नसतो. क्ष = ४ ला समांतर, (−३, ८) मधून जाणारी रेषा? चढाच्या पद्धतीने छेदात शून्य येतं आणि वर्गातले निम्मे चेहरे गोंधळतात. डावी बाजू तशीच ठेवण्याच्या पद्धतीत विचारच करावा लागत नाही: डावी बाजू क्ष, बिंदूची किंमत −३, रेषा क्ष = −३.

आता अंतराचं गणित. ३क्ष − ४य + ७ = ० ला समांतर आणि तिच्यापासून ३ एकक अंतरावरची रेषा.

इथे ‘अंतर’ म्हणजे लंब अंतर, हे डोक्यात पक्कं असू दे. दादरला पुलावर उभी असशील तेव्हा खालच्या रुळांकडे बघ. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं, आणि ते रुळांशी काटकोनात मोजतात. मापाची पट्टी तिरकी धरली तर आकडा मोठा येईल, पण ते रुळांमधलं अंतर नव्हे. समांतर रेषांचंही तसंच. य-अक्षावर दोन रेषा जिथे छेदतात त्या बिंदूंमधलं अंतर मोजून उत्तर लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. ते तिरक्या पट्टीचं माप झालं.

मग काटकोनात एक एकक चाललं तर आपली किंमत कितीने बदलते? रेषेची दिशा (४, ३) आहे, तर तिला लंब दिशा (३, −४), म्हणजे समीकरणातलेच सहगुणक. हे पडताळून बघ: ४ × ३ + ३ × (−४) = ०. या (३, −४) पावलाची लांबी √(९ + १६) = ५. म्हणून एक एककाचं पाऊल म्हणजे (३/५, −४/५). ते टाकल्यावर ३क्ष − ४य मध्ये ९/५ + १६/५ = ५ ची भर पडते. लंब दिशेने एक एकक गेलं की किंमत ५ ने बदलते. हा ५ म्हणजे √(३² + ४²), अंतराच्या सूत्रात छेदात बसलेला तोच.

तुला ३ एकक जायचं आहे, म्हणजे किंमत १५ ने बदलणार. सुरुवात −७ पासून. एका बाजूला गेलीस तर −७ + १५ = ८, दुसऱ्या बाजूला गेलीस तर −७ − १५ = −२२. रेषा दोन: ३क्ष − ४य = ८ आणि ३क्ष − ४य = −२२. उत्तरं दोन का, याचं कारण एवढंच की रेषेला दोन बाजू असतात आणि प्रश्नात बाजू सांगितलेली नाही. सूत्रातलं निरपेक्ष मूल्याचं चिन्ह हेच सांगत असतं: |क + ७| / ५ = ३, म्हणून क + ७ हा १५ किंवा −१५. ते दोन उभे दंड नुसते पुसून टाकले की एक उत्तर हातचं जातं. प्रश्नात "आरंभबिंदूच्या बाजूची" असं म्हटलं असेल तर मात्र एकच उत्तर: आरंभबिंदूची किंमत ०, ती −७ पेक्षा मोठी, म्हणून किंमत वाढण्याच्या बाजूची, ८ ची रेषा घ्यायची.

दोन समांतर रेषांमधलं अंतर काढायचं सूत्र याचंच उलटं रूप आहे: किमतींतला फरक भागिले √(सहगुणकांच्या वर्गांची बेरीज). पण त्याआधी एक काम करावं लागतं आणि ते घाईत राहून जातं. ३क्ष − ४य + ७ = ० आणि ६क्ष − ८य + ५ = ० यांतलं अंतर किती? बरेच जण ७ − ५ = २ करून मोकळे होतात, मग कुणी ५ ने भागतं, कुणी १० ने. दोन्ही चूक. दुसऱ्या रेषेत डाव्या बाजूची किंमत दुप्पट मापाने मोजली आहे, ती आधी एका मापावर आणली पाहिजे. दुसरं समीकरण २ ने भाग: ३क्ष − ४य = −५/२. पहिली −७ ची. फरक ४.५, भागिले ५, अंतर ०.९. डाव्या बाजू अक्षर न् अक्षर सारख्या झाल्याशिवाय उजव्या बाजूंची वजाबाकी करायची नाही.

यातूनच आणखी एक खाचखळगा निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तो थेट व्याख्येशी जोडलेला आहे. हे गणित बघ: २क्ष + पय = ५ आणि पक्ष + ८य = १० या रेषा समांतर आहेत, तर प ची किंमत काढा. सहगुणकांचं गुणोत्तर समान हवं, म्हणून २/प = प/८, प² = १६, प = ४ किंवा −४. इथे थांबून दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्यांचं अर्धं उत्तर चुकतं. प = ४ ठेव: २क्ष + ४य = ५ आणि ४क्ष + ८य = १०. दुसरं समीकरण पहिल्याची दुप्पट आहे, रेषा एकच. प = −४ ठेव: २क्ष − ४य = ५ आणि −४क्ष + ८य = १०, म्हणजे २क्ष − ४य = −५. डाव्या बाजू सारख्या, किमती वेगळ्या, खऱ्या अर्थाने समांतर. उत्तर प = −४. दहावीला एकसामायिक समीकरणं सोडवताना "उकल नाही" आणि "असंख्य उकली" असे जे दोन प्रकार शिकलीस, ते हेच. तेव्हा ते बीजगणिताच्या पुस्तकात होते, आता रेषा होऊन समोर आले आहेत.

तसंच, समांतर रेषा ज्या बिंदूतून काढायची तो बिंदू दिलेल्या रेषेवर नाही ना, हे बघून घे. (−१, १) दिला असता तर किंमत −७ च आली असती, म्हणजे मूळचीच रेषा. बिंदू बाहेर असेल तर समांतर रेषा एक आणि एकच मिळते. शाळेत युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकापाशी वाचलं होतंस ते इथे समीकरणात उतरतं, कारण एका बिंदूची किंमत एकच असू शकते.

आता ही पद्धत किती लांब जाते ते एका त्रिकोणावर दाखवते. अ(१, ४), ब(−२, −१), ड(४, १). अ मधून जाणारी, बड ला समांतर रेषा काढायची आहे. बड चं समीकरण दिलेलं नाही, पण दिशा लगेच मिळते: ब पासून ड पर्यंत ६ उजवीकडे, २ वर, म्हणजे ३ उजवीकडे, १ वर. अशा पावलाने कोणती किंमत बदलत नाही? क्ष − ३य. (क्ष तीनने वाढला, ३य ही तीनने वाढला.) तर डावी बाजू क्ष − ३य. ब वर किंमत −२ + ३ = १, ड वर ४ − ३ = १, म्हणजे बड ही क्ष − ३य = १. दोन्ही टोकांना १ आला, म्हणून दिशा काढण्यात चूक नाही हेही कळलं. अ वर किंमत १ − १२ = −११. हवी ती रेषा क्ष − ३य = −११.

इथवर प्रश्नाचं उत्तर झालं, पण थोडं पुढे चल. १ आणि −११ च्या बरोबर मध्ये −५ आहे. क्ष − ३य = −५ ही रेषा कुठून जाते? अब चा मध्यबिंदू (−१/२, ३/२): −१/२ − ९/२ = −५. अड चा मध्यबिंदू (५/२, ५/२): ५/२ − १५/२ = −५. नववीतलं मध्यबिंदूंचं प्रमेय समोर उभं राहिलं, दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूला समांतर, आणि वेगळी काही सिद्धता करावी लागली नाही. आणखी पुढे: अ पासून बड वरचं लंब अंतर म्हणजे किमतींतला फरक १२, भागिले √(१ + ९), १२/√१०. बड ची लांबी √(३६ + ४) = २√१०. क्षेत्रफळ = १/२ × २√१० × १२/√१० = १२. तीन बिंदूंच्या क्षेत्रफळाच्या लांबलचक सूत्राने करून बघ, १२ च येईल. मला स्वतःला हा त्रिकोण शिकवायला फार आवडतो. एका क्ष − ३य मधून रेषा, प्रमेय, उंची आणि क्षेत्रफळ असं सगळं बाहेर येतं, आणि वर्गात मागच्या बाकावरची मुलंही वही पुढे ओढतात.

बाकीचे प्रकार भराभर बघू, कारण पहिली ओळ प्रत्येक वेळी तीच आहे. "२क्ष + य = ८ आणि क्ष − य = १ यांच्या छेदनबिंदूतून, ३क्ष − ४य + ७ = ० ला समांतर": छेदनबिंदू (३, २), किंमत ९ − ८ = १, रेषा ३क्ष − ४य = १. "त्याच रेषेला समांतर, अक्षांवरच्या इंटरसेप्टची (रेषा अक्षाला जिथे छेदते तिथल्या निर्देशकांची) बेरीज १": ३क्ष − ४य = क घे, इंटरसेप्ट क/३ आणि −क/४, बेरीज क/१२ = १, क = १२. "त्याच रेषेला समांतर, अक्षांसोबत ६ चौरस एकक क्षेत्रफळाचा त्रिकोण करणारी": १/२ × क/३ × क/४ = क²/२४ = ६, क = १२ किंवा −१२. इथेही उत्तरं दोन, आरंभबिंदूच्या दोन अंगांना एकेक.

सीईटीसाठी एक सूचना. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे पर्याय समोर असताना अख्खं गणित मांडत बसू नकोस. आधी सहगुणकांचं गुणोत्तर बघून बिनसमांतर पर्याय बाद कर, मग उरलेल्यांत बिंदू ठेवून बघ. फक्त गुणोत्तर बघ, नुसते आकडे नको: ६क्ष − ८य − ५२ = ० हा पर्याय ३क्ष − ४य − २६ = ० च आहे, पण ६ आणि ८ बघून मुलं तो खोडून टाकतात. आणि −३क्ष + ४य + २६ = ० हाही तोच.

पडताळा घ्यायची सवय मात्र बोर्डाला, सीईटीला, सगळीकडे ठेव. उत्तर लिहून झालं की दोन गोष्टी: डावी बाजू दिलेल्या रेषेशी जुळते का, आणि बिंदू ठेवल्यावर समीकरण खरं ठरतं का. दोन्ही झालं तर उत्तर चुकीचं असूच शकत नाही, कारण त्या दोन अटी पाळणारी रेषा एकच आहे. अंतराच्या गणितात मूळ रेषेवरचा एखादा सोपा पूर्णांकी बिंदू घे, आपल्याकडे (−१, १) होता, आणि त्याचं नव्या रेषेपासूनचं अंतर काढ: |−३ − ४ − ८| / ५ = १५/५ = ३. कच्च्या कामाच्या जागेत एका ओळीत मावतं.

सराव म्हणून हे एक सोडव, यात वरचं सगळं लागतं. एका चौरसाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ५क्ष − १२य + २६ = ० आणि ५क्ष − १२य − ३९ = ० या रेषांवर आहेत, आणि उरलेल्या दोन बाजूंपैकी एक आरंभबिंदूतून जाते. चौरसाचं क्षेत्रफळ आणि उरलेल्या बाजूंची समीकरणं काढ. पहिल्या दोन बाजूंच्या किमती −२६ आणि ३९, फरक ६५, √(२५ + १४४) = १३, म्हणून बाजू ५ आणि क्षेत्रफळ २५. उरलेल्या बाजू लंब, म्हणजे डावी बाजू १२क्ष + ५य; एक १२क्ष + ५य = ०. दुसरी तिच्यापासून ५ एककांवर, म्हणजे किमतीत पुन्हा ६५ चा फरक: १२क्ष + ५य = ६५ किंवा १२क्ष + ५य = −६५. चौरस दोन होतात. दोन्ही आलेखावर काढून बघ.